पथ्याचे फर्मान आणि पेवातली ज्वारी

कर्करोग झालेल्या माणसाने साखर, गूळ, दूध, गहू आणि ज्वारी एवढे पाच पदार्थ ताटातून हद्दपार केले म्हणजे रोगाची रसद तुटते आणि तो आपोआप उपाशी मरतो, असा एक सिद्धान्त गेली काही वर्षे आपल्या परभणी जिल्ह्यात, उत्तरेस जिंतूरच्या डोंगरापासून दक्षिणेस गंगाखेड-पालमच्या बालाघाटापर्यंत, इतक्या निःशंकपणे सांगितला जातो आहे की, ऐकणाऱ्यालाच त्याचा पुरावा मागण्याचा संकोच वाटावा. तो मोबाइलवर येतो, एस.टी.च्या बाकावर येतो, तेराव्याच्या पंगतीत येतो. आणि सर्वांत अधिक आस्थेने येतो तो रुग्णाला भेटावयास आलेल्या आप्तेष्टांच्या मुखातून. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून विधान खरे ठरत नाही, आणि ज्या विधानाच्या खरेखोटेपणावर एखाद्याचे जगणे-मरणे अवलंबून आहे त्याची शहानिशा करण्याची तसदी न घेता ते पुढच्याच्या हाती सोपवणे हा निष्काळजीपणाच होय. म्हणून हा प्रतिवाद.

माझी एक मावशी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तरुणपणापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची तिची सवय. आणि त्या भाजलेल्या तंबाखूनेच साठी ओलांडल्यावर तिच्या गालाच्या आतल्या अंगाला न भरणारी जखम केली. शस्त्रक्रिया झाली, आणि जखम भरल्यावर सहा आठवड्यांचे 'शेक' ठरले. किरणोपचाराला आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक याच नावाने ओळखतात. शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली तेव्हा तिचे वजन ४६ किलो होते. मधल्या काळात कोणा सद्गृहस्थाने माझ्या मावसभावाच्या हाती पथ्याची एक यादी ठेवली आणि त्या मातृभक्त मुलाने ती अक्षरशः अमलात आणली: भाकरी बंद, दूध बंद, गुळाचा चहा बंद, पहाटे गव्हांकुराचा रस, त्यावर कडुलिंब आणि हळदीच्या गोळ्या, दुपारी दुधी भोपळ्याचे उकडलेले पाणी. तीन आठवड्यांनी मी भेटावयास गेलो तेव्हा काट्याने ४१ किलो दाखवले. नळीतून आणि चमच्याने जे काही उतरत होते ते हिरवे पाणीच होते. मी जवळ बसल्यावर तिने दाराकडे एकदा पाहून घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "लेकरा, भाकरीचा तुकडा कालवून खाल्ला तं रोग वाढंल का रं?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, भय होते. पन्नास वर्षे ज्या बाईने घरातल्या प्रत्येकाच्या ताटात भाकरी वाढली, तिला भाकरीची विषासारखी धास्ती घातली गेली होती. माझा पुढचा सगळा युक्तिवाद त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रतिपक्षाची बाजू त्याच्या पत्रकात असते त्यापेक्षा बळकट करून मी आधी मांडतो, कारण दुर्बळ केलेल्या प्रतिपक्षावर मिळवलेला जय निरुपयोगी असतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात असे दाखवून दिले की, गाठीतील पेशी निरोगी पेशींहून पुष्कळच अधिक ग्लुकोज ओढून घेतात आणि प्राणवायू भरपूर असतानाही ते जाळण्याऐवजी आंबवून त्याचे दुग्धाम्ल करतात. 'पेट' नावाची जी तपासणी आज मोठ्या शहरांत होते ती याच गुणधर्मावर उभी आहे: किरणोत्सारी खूण केलेले ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून सोडतात, आणि जेथे ते अधिक साठते ती जागा चित्रात उजळून दिसते. येथपर्यंतचे सर्व खरे आहे. या शोधासाठी वारबर्ग यांना नोबेल मिळाले असे जे छापलेले असते ते मात्र खरे नाही. १९३१ चे ते पारितोषिक त्यांना पेशींच्या श्वसनातील विकराचे स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल मिळाले होते. हा तपशिलाचा दोष सोडून देऊ. खरी चूक पुढच्या उडीत आहे. गाठ साखर खाते, म्हणून ताटातली साखर काढली की गाठ उपाशी राहील, हे अनुमान मानवी शरीर कसे चालते याचा विचार न करताच केलेले आहे.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांना पेव असे. सुगीची ज्वारी जमिनीखालच्या त्या कोठारात भरून तोंड बंद करीत, आणि दुष्काळाच्या साली ते तोंड उघडीत. आपल्या शरीराचेही असेच आहे. रक्तातील ग्लुकोज एका ठरावीक पातळीखाली जाऊ देणे शरीराला परवडतच नाही, कारण मेंदूचा बहुतांश आणि रक्तातील तांबड्या पेशींचा संपूर्ण निर्वाह त्यावर चालतो. म्हणून बाहेरून येणारी पोती बंद झाली की यकृत प्रथम स्वतःजवळचा साठा मोकळा करते, आणि तो साधारण एका दिवसात सरला की स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांचे ग्लुकोज बनवू लागते. घरात शिरलेला चोर या व्यवस्थेत उपाशी राहत नाही. पेव उघडलेले असते आणि तो घरच्यांच्या आधी हात मारतो. झिजतो तो दंड, झिजते ती मांडी, झिजतात ते घास गिळण्याचे आणि श्वास ओढण्याचे स्नायू. मावशीच्या देहातून जे पाच किलो गेले त्यांत गाठीचा वाटा शोधू जाणे व्यर्थ आहे, कारण गाठ शल्यविशारदाने त्यापूर्वीच काढून टाकली होती.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे नमूद केल्या पाहिजेत. ज्या रुग्णाला मधुमेहही आहे त्याने साखर सांभाळलीच पाहिजे. पण ते मधुमेहाचे पथ्य आहे, कर्करोगाचे औषध नव्हे. आणि मेंदूच्या काही गाठींसारख्या विकारांत अत्यल्प पिष्टाच्या आहाराचे प्रयोग संशोधक करीत आहेत, तेही उपचाराच्या जोडीने आणि देखरेखीखाली. त्यांचा निकाल आज रुग्णाच्या ताटात वाढण्याजोगा झालेला नाही.

वजन उतरण्याचा अर्थ काय, याविषयी वैद्यकाकडे जुना आणि भक्कम दस्तऐवज आहे. १९८० साली अमेरिकेत ३,०४७ कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषधोपचार सुरू होण्यापूर्वीच वजन घटलेल्यांचे प्रमाण रोगाच्या प्रकारानुसार ३१ पासून ८७ टक्क्यांपर्यंत होते, आणि ज्यांचे वजन घटले होते ते न घटलेल्यांपेक्षा एकंदरीत कमी काळ जगले. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन जाणे हे आज धोक्याचे लक्षण मानतात. ४६ किलोच्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ अडीच किलोही होत नाही. मुंबई-पुण्याच्या, किंवा त्याहून अधिक अमेरिकेच्या, स्थूल देहांसाठी लिहिलेले उपासाचे आणि निर्बंधांचे ग्रंथ आपल्याकडच्या कृश शेतकऱ्याच्या, ऊसतोड्याच्या किंवा मावशीसारख्या बाईच्या हाती देणे म्हणजे अतिवृष्टीच्या गावचा पंचनामा दुष्काळी गावाला लावण्यासारखे आहे. स्तनाच्या कर्करोगात उपचारांच्या काळात काही स्त्रियांचे वजन वाढते आणि त्यांना आहार वेगळ्या दिशेने जपावा लागतो, हेही खरे. म्हणूनच सर्व कर्करोगांना आणि सर्व देहांना मिळून एकच छापील यादी असू शकत नाही.

मग आहाराचे काम ते काय? प्रतिवादाचा गाभा मी येथेच मानतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात किरणोपचार सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असा सलग द्यावा लागतो. या सलगपणाला फार मोठे मोल आहे. मध्ये खंड पडला तर उरलेल्या रोगपेशींना पुन्हा वाढण्यास उसंत मिळते, आणि या भागातील कर्करोगांत उपचार जितके दिवस लांबतो तितक्या प्रत्येक दिवसामागे त्या जागचा रोग आटोक्यात राहण्याचा संभव सुमारे एक ते दीड टक्क्याने घटतो, असा अनेक ठिकाणच्या नोंदींचा निष्कर्ष आहे. खंड का पडतो? कधी यंत्र बिघडते, कधी गाडीभाडे संपते. पण पुष्कळ वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटून निघते, लाळ आटते, चव जाते, घास उतरत नाही, आणि निर्जल, निःशक्त झालेला रुग्ण उपचाराच्या मेजावर पडून राहण्याच्याही अवस्थेत उरत नाही. डोके व मान हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाने जाळीचा एक मुखवटा घडवतात, आणि किरणांची दिशा त्या मुखवट्यावरच्या खुणांनी मिलिमीटरच्या हिशेबात ठरवतात. वजन झपाट्याने उतरले म्हणजे तो मुखवटा सैल होतो. माप पुन्हा घ्यावे लागते, नकाशा पुन्हा आखावा लागतो. केमोचीही तीच कथा: औषधाची मात्रा उंची आणि वजन यांवरून काढतात, आणि खंगलेल्या देहाला ती सोसेनाशी झाली की मात्रा कमी करावी लागते किंवा पाळी पुढे ढकलावी लागते. म्हणजे ताटातली भाकरी गाठीवर चाल करून जात नाही, हे मला मान्यच आहे; परंतु चाल करून जाणारे जे शस्त्र आहे ते रोज उचलण्याचे बळ तीच देते. मावशीचे शेक चौथ्या आठवड्यात पाच दिवस थांबले. त्या पाच दिवसांचा हिशेब यादी देणाऱ्या सद्गृहस्थाकडे कोणी मागितला नाही, आणि त्यांना तो ठाऊकही नसेल.

आता साक्षीपुराव्याकडे वळू. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगावर कडक आहारनियमांनी मात केल्याचे जाहीर केले: साखर व दूध वर्ज्य, लांब उपास, हळद, कडुलिंब, लिंबूपाणी. काही दिवसांतच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी सह्यांचे निवेदन काढून सांगितले की, या पदार्थांपैकी काहींवर संशोधन चालू असले तरी ते कर्करोगावरील औषध म्हणून वापरावेत असे म्हणण्याजोगा पुरावा आज नाही, आणि लोकांनी अशा उपायांपायी उपचार लांबवू नयेत. सिद्धूंनीही नंतर खुलासा केला की, आहार हा वैद्यकीय उपचाराला साहाय्यभूत होता आणि तो डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच पाळला होता. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमो ही दोन्ही झाली होती. पहिले विधान खेडोपाडी पोहोचले. खुलासा पोहोचला नाही. मावशीच्या गावात आजही त्या पहिल्या विधानाचीच चित्रफीत दाखवली जाते. एका कुटुंबाच्या सुदैवाचा मला आनंद आहे. पण ज्या खटल्यात साक्षीदार एकच आहे आणि त्याने जबानीत पुढे दुरुस्तीही केली आहे, त्यावर शेकडोंच्या प्राणांचा फैसला कसा करावा?

ज्यांनी उपचार सर्वस्वी नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरला त्यांचे काय झाले, याचीही मोजदाद झाली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अशा २८१ रुग्णांची तुलना रूढ उपचार घेतलेल्या, वय, रोग आणि टप्पा यांनी जुळणाऱ्या ५६० रुग्णांशी केली. पर्यायी मार्गाने गेलेल्यांत मृत्यूचा धोका अडीचपट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तो साडेपाचपटींहून अधिक होता. यावर कोणी म्हणेल की, आम्ही उपचार सोडावयास सांगत नाही, त्याच्या जोडीला भाजीपाल्याचा मारा करावयास सांगतो. तेही तपासले गेले आहे. स्तनाच्या कर्करोगावरील प्राथमिक उपचार पूर्ण केलेल्या ३,०८८ स्त्रियांपैकी निम्म्यांना भाज्या, फळे व तंतूंनी समृद्ध आणि स्निग्धांशाने अल्प असा आहार सात वर्षांहून अधिक काळ देऊन पाहिला. रोग परतण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात, नेहमीचा सल्ला मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत, फरक पडला नाही. भाज्या वाईट ठरल्या असा याचा अर्थ कोणी काढू नये. भाज्या भाज्याच ठरल्या. रोग होऊ नये म्हणून आहार, व्यायाम आणि तंबाखू-दारूचा त्याग यांचे जे महत्त्व आहे ते रोग झाल्यावरच्या औषधोपचाराच्या खात्यावर जमा करणे, हा या वादातला सर्वांत जुना हिशेबातला घोटाळा आहे.

पूर्वजांचा मुद्दा यानंतर हमखास निघतो: आमचे आजे-पणजे ज्वारी-बाजरी खाऊन राहिले, त्यांना कुठे होता कॅन्सर? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावे. बार्शी आपल्यासारखाच ज्वारीचा मुलूख. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. मुंबईच्या मानाने तेथे कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले, हे खरे. पण स्त्रियांत सर्वांत अधिक आढळला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग, जो एका विषाणूमुळे होतो आणि ज्याला भाकरी घालवू शकत नाही की आणू शकत नाही. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,००० हून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला त्याने दाखवले की, त्या विषाणूची एकवेळची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात. आपल्या मुलुखातील बायकांना कशाने वाचवले, याचे उत्तर आपल्याच मुलुखात लिहून ठेवलेले असता आपण ते दूरच्या रसवंतीत शोधतो, याचा मला खेद होतो.

'पौष्टिक ते सर्वदा हितकर' हे गृहीतही तितकेच निसरडे आहे, आणि त्याची एक कथा परळशीच निगडित आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज वैद्यक-संशोधिका १९२८ पासून मुंबईत हाफकिन संस्थेत काम करीत होती. गिरणगावातील गरीब गर्भवतींना होणाऱ्या एका विशिष्ट पंडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे तिने दाखवले. त्या अर्कातील गुणद्रव्याला पुढे फोलिक आम्ल हे नाव मिळाले. पालेभाज्यांत विपुल असणारे हेच पोषकद्रव्य बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना देऊन पाहिले, तेव्हा रोग हटण्याऐवजी वेगाने वाढत असल्यासारखे त्यांना आढळले. त्यांनी तर्क उलटा फिरवला. यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्र प्रांतातील रसायनशास्त्रज्ञाच्या चमूने तयार केलेले, फोलिक आम्लाचे काम अडवणारे द्रव्य त्यांनी वापरले, आणि १९४८ साली त्या मुलांत रोग काही काळ मागे हटल्याचे जगाला कळवले. केमोच्या इतिहासातील हा एक पहिला टप्पा. जे द्रव्य गिरणगावच्या मातेला जीवन ठरले तेच दुसऱ्या रोगात अडवावे लागले. मग प्रत्येक हिरव्या पेल्याला आपण अमृत कसे म्हणावे? आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यापासून मिळणारी विन्क्रिस्टीन आणि विन्ब्लास्टीन ही औषधे आजही कर्करोगावर वापरतात. परंतु ती शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या मोजमापाने, शिरेतून देतात. पाने चावून खाणाऱ्याच्या वाट्याला विषबाधा येते. वनस्पतीतले औषध आणि वनस्पती यांतील हे अंतर जो मानत नाही त्याने निसर्गाचे नाव घेऊ नये.

कच्च्या रसांविषयी एक व्यावहारिक इशारा द्यावासा वाटतो. केमोच्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात; ताटलीत मातीवर वाढवलेले, बुरशीचा संसर्ग सहज होणारे गव्हांकुर न शिजवता पिणे हे त्या दिवसांत धाडसच आहे. त्यापेक्षा ताजे शिजवलेले अन्न आणि उकळून गार केलेले पाणी शंभरपट बरे.

पथ्याच्या फर्मानाचा सर्वांत क्रूर परिणाम मात्र कोणत्याही तपासणीत दिसत नाही. रोग परतला की यादी देणारा म्हणतो, "तुम्ही पथ्य नीट पाळले नसेल." मग घरातली सून आठवू लागते की, पंधरवड्यापूर्वी आपण वरणात चिमूटभर गूळ घातला होता, लेक आठवू लागते की, आपण आईला लग्नघरातला एक लाडू भरवला होता. जो सिद्धान्त फळला तर श्रेय घेतो आणि फसला तर स्वयंपाकघरातल्या बाईवर गुन्हा दाखल करतो, तो शास्त्र म्हणवून घेण्यास सुतराम पात्र नाही. हा अपराधभाव मी माझ्या मावसभावाच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. यादी पाळली तेव्हा आईचे वजन गेले म्हणून तो अपराधी. यादी मोडली तेव्हा रोग वाढेल म्हणून पुन्हा अपराधी.

पण एकट्या यादीवाल्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य होणार नाही. ही पोकळी निर्माण कोणी केली? रुग्ण जेव्हा विचारतो, "डॉक्टरसाहेब, खाऊ काय?" तेव्हा "सगळे खा" या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. ज्याचे तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही, ज्याला तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी येते, ज्याला अन्नाच्या वासानेच मळमळते, त्याला 'सगळे खा' हे उत्तर नसून उत्तराचा अभाव आहे. तपशीलवार छापील यादी घेऊन जो येतो तो निदान प्रश्नाचा मान राखतो. म्हणून लोक त्याचे ऐकतात. आपल्या रुग्णालयांतून आहारतज्ज्ञाची खुर्ची जोवर रिकामी किंवा नाममात्र आहे, तोवर माझ्यासारख्यांचे प्रतिवाद कागदावरच राहतील, याची मला पुरेपूर जाणीव आहे.

तेव्हा उत्तर द्यावयाचे तर ते यादीइतकेच तपशीलवार असले पाहिजे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार कर्करुग्णाला दररोज वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. ५० किलोच्या माणसाला म्हणजे साडेबाराशे ते दीड हजार कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. हे आकडे ऐकून जे लोक डब्यातल्या महागड्या प्रथिनचूर्णाकडे धावतात त्यांनाही मी थांबवू इच्छितो. दीडशे ग्रॅम ज्वारीचे पीठ, पन्नास ग्रॅम तुरीची डाळ, अर्धा लिटर दूध, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात, आणि वर तेल-तूप-गूळ घातले की कॅलरींचाही भरणा होतो. जी माळकरी मंडळी अंडे घेत नाहीत त्यांनी दूध, दही आणि डाळीचा वाटा वाढवावा. माळ उतरवण्याची गरज नाही. एकादशी मात्र उपचार संपेपर्यंत विठ्ठलाने माफ केली आहे असे समजावे. आजाऱ्याला आणि लेकुरवाळीला उपवासाची सूट देणे ही आपलीच जुनी रीत आहे.

खरा प्रश्न पदार्थांचा नाही, ते उतरवण्याचा आहे. तोंड सोलवटले असता ठेचा, येसराची आमटी आणि लिंबू दूर ठेवून ज्वारीच्या पिठाची ताकातली मऊ आंबील, आंबट सोसत नसेल तर दुधातली. कण्या शिजवून त्यांत तूप आणि मुगाचे घोटलेले वरण. शेंगदाण्याचे कूट घालून पातळ केलेली लापशी. थंड दूध, खव्याचा किंवा केळ्याचा काला. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा-सात लहान. मळमळ असेल त्या दिवशी गरम अन्नाचा वास छळतो, तेव्हा निवलेलेच बरे. गिळणे अगदीच बंद झाले तर नाकातून किंवा पोटातून नळी घालण्यास घाबरू नये. नळी म्हणजे शेवट, ही समजूत निराधार आहे, पुष्कळांची नळी उपचारानंतर निघते. आणि दर आठवड्याला वजन, एकाच काट्यावर, वहीत तारखेसह. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटच्या सहकार्याने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. ज्या जिल्ह्याने अशी ज्वारी पिकवण्याचे शास्त्र उभे केले त्याच जिल्ह्यात आजाऱ्याच्या ताटातून ज्वारी काढून घेतली जावी, हे मला सोसत नाही.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार होतात. परंतु घरी परतल्यावरचे दूध आणि अंडी ज्याची त्याने आणावयाची. क्षयरोग्याला पोषणासाठी म्हणून दरमहा थेट खात्यात रक्कम देण्याचे तत्त्व केंद्र सरकारने २०१८ पासून मान्य केले आहे, आणि झारखंडमधील क्षयरुग्णांना औषधासोबत दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल दिल्यावर ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. रोग वेगळा आहे, तुलना मर्यादित आहे. तरी औषधाच्या पाठीशी अन्न उभे करण्याचे तत्त्व कर्करुग्णाला का लागू नये? आजमितीस संजय गांधी निराधार योजनेत कर्करुग्णाचा समावेश आहे, पण वार्षिक २१,००० रुपयांच्या उत्पन्नाची अट, तहसील कचेरीतले दाखले आणि समितीची मंजुरी यांतून अर्ज पार पडेपर्यंत शेकांचे सहा आठवडे केव्हाच उलटून जातात. पथ्याच्या यादीवर जो पैसा गावोगाव खर्च होतो, त्याच्या निम्म्यात त्या दिवसांची अंडी येतील.

मावशीला मी त्या दिवशी उत्तर दिले: "मावशे, भाकरीनं रोग वाढत नाही. भाकरी खाल्ली नाहीस तर तूच उरणार नाहीस." मावसभावाने यादी चुलीत घातली नाही, त्याने ती घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवली, आणि त्यातला त्याचा भाव मी समजू शकतो. पण आंबील सुरू झाली. शेक संपायला ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त लागला. पुढच्या पौषात शेतात आगटी पेटली तेव्हा तिने हुरडा मागितला. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, दाणा चावणे शक्य नव्हते. तेव्हा सुनेने गरम हुरडा खलबत्त्यात कुटला, दुधात कालवला, गुळाचा खडा कुसकरून टाकला आणि चमच्याने भरवला. वाटी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. त्या आठवड्यात वहीत ४३ किलोची नोंद आहे.